कपाळावरची पट्टी

डोळे तपासणीचं शिबिर होतं रविवारी, पण यशोदाबाईंनी त्याची दवंडी सोमवारपासूनच पिटायला घेतली होती. मखमलाबादच्या मळ्यात सकाळी शेवंती तोडायला जमणाऱ्या बायांना तर त्या दिवसातून दोनदा आठवण करून देत.

"रविवारी या बरं का मारुतीच्या मंडपात. शहरातल्या दवाखान्याची गाडी येणार हाय. आमची मनाली असणार हाय तपासायला."

"म्हंजी सून डॉक्टर झाली म्हण की तुझी," वाफ्याच्या पलीकडून भागाबाई म्हणे.

"डॉक्टर नाय गं, डोळ्याची."

"डोळ्याची म्हंजी?"

"म्हंजी डोळ्याची! तिचं लय शिक्षण झालंय त्यातलं."

ऑप्टोमेट्रिस्ट हा शब्द मनालीने त्यांना तीनदा सांगितला होता, पण यशोदाबाईंच्या जिभेवर तो काही केल्या बसत नव्हता. शब्द नसला बसला तरी अभिमान मात्र पक्का बसलेला होता. निफाडची ही शिकलेली पोर त्यांच्या सोमनाथने करून आणली, तेव्हा ती मळ्यातल्या घरात टिकेल का म्हणून भावकीत पैजा लागायच्या बाकी होत्या. ती टिकली. बाळंतपण झालं, दिशा सात महिन्यांची झाली आणि मनाली पुन्हा दवाखान्यात जायला लागली, तेव्हा बाया म्हणाल्या, तान्ह्या लेकराला टाकून चालली. यशोदाबाईंनी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं होतं, "टाकून नाय, माझ्यापाशी ठेवून."

बाळंतपणानंतरचं मनालीचं हे पहिलं शिबिर, आणि तेही आपल्याच वस्तीवर. यशोदाबाईंना वाटत होतं, सगळ्यांनी डोळे भरून बघावं आणि घरी जाऊन बोलावं. त्यातही एका माणसाने तर नक्कीच बघावं. ते माणूस म्हणजे त्यांच्या थोरल्या जाऊबाई, सुलाबाई. यशोदाबाई लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून घरात सुलाबाईंचा शब्द चाले. पासष्टी ओलांडली, नाकावर जाड भिंगांचा चष्मा आला, तरी कुणाला चांगलं म्हणायची सवय त्यांना लागली नव्हती. मनालीबद्दल त्या आजवर एकच वाक्य बोलल्या होत्या: "भाकरी जरा जाड करते."

शिबिराला निघण्याआधी यशोदाबाईंनी सुलाबाईंसकट अकरा बायांना आपल्या ओट्यावर गोळा केलं आणि आपल्या अनुभवातलं शहाणपण त्यांच्या पदरात घातलं.

"एक ध्यानात ठेवा. तिथं विचारतात, बीपी हाय का, शुगर हाय का, कसल्या गोळ्या चालू हायेत का. हो म्हणलं की माणूस बाजूला बसवतात. मागल्या वेळी पुंजारामच्या आईनं खरं सांगितलं, तर तिला तसंच परत लावलं. मोतीबिंदू अजून तिथंच हाय बिचारीचा. तवा कुणी काही विचारलं तर 'काही नाय' म्हणायचं अन् मोकळं व्हायचं."

बायांनी माना डोलावल्या. हे त्यांना सगळ्यांनाच आतून ठाऊक होतं, यशोदाबाईंनी फक्त उघड बोलून दाखवलं. मनालीला यातलं काही सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. पोर कामात असते, तिला कशाला त्रास.

मंडपात नऊ वाजताच गर्दी झाली. यशोदाबाई कडेवर दिशाला आणि खांद्याला कापडी पिशवी अडकवून सगळ्यांच्या पुढे. पहिल्या टेबलावर नाव लिहून कागद मिळायचा. अकरा जणींचे कागद यशोदाबाईंनी आपल्याच पिशवीत ठेवून घेतले. "हरवताल तुम्ही," म्हणाल्या. दुसऱ्या टेबलावर लांबची अक्षरं वाचून घ्यायची. तिसरं टेबल मनालीचं.

निळा कोट घातलेली मनाली घरातल्या मनालीपेक्षा चार बोटं उंच दिसत होती. प्रत्येकीला ती तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारी. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास, दमा, कसल्या औषधाची अ‍ॅलर्जी, घरात कुणाला काचबिंदू. मग हातातली छोटी टॉर्च आधी समोरून मारी, नंतर कानाच्या बाजूने आडवी धरी, आणि डोळ्याकडे असं बघे जणू आत कुणी राहतं आहे. ठीक वाटलं की पांढऱ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा तोडायचा आणि ज्या डोळ्यात थेंब घालायचे त्याच्या वर कपाळावर लावायचा. मग ती बाई पडद्याआडच्या खुर्च्यांच्या रांगेत जाऊन बसे. तिथे तेजस्विनी नावाची शिकाऊ मुलगी पट्टी बघून थेंब घाली. दहा-दहा मिनिटांनी दोन-तीनदा. थेंबांनी डोळ्याची बाहुली मोठी झाली की आतला पडदा डॉक्टरांना नीट दिसतो, असं मनाली सगळ्यांना सांगत होती.

बायांना मात्र त्यातलं एवढंच कळलं की पट्टी लागली म्हणजे आपला नंबर लागला. अर्ध्या तासात त्या पट्टीला हळदीकुंकवाचा मान आला.

"तुला लागली का गं?"

"दोन्ही डोळ्यांना लागली! तुला एकच?"

भागाबाई दोन पट्ट्या मिरवत पडद्याआड गेली. मग सुलाबाईंची पाळी आली. यशोदाबाई दिशाला घेऊन मुद्दाम जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"मोठ्या आई, बीपी आहे का?" मनालीने विचारलं.

"काही नाय."

"डोकं दुखतं का कधी? डोळे ठणकतात?"

"काही नाय म्हणलं ना."

मनालीने टॉर्च आडवी धरली. मग थांबली. पुन्हा धरली. दुसऱ्या डोळ्यालाही धरली, चष्म्याची भिंगं बोटाने चाचपून बघितली आणि पट्टीच्या गुंडाळीकडे गेलेला हात मागे घेतला.

"मोठ्या आई, तुम्हाला आत्ता थेंब घालायचे नाहीत. तुम्ही इकडे बाकावर बसा. आधी आमच्या डॉक्टर, साधना मॅडम बघतील, मग ठरवू."

"मलाच काय झालं?"

"झालं काही नाही. मॅडमना बघू दे आधी."

पडद्याआडून भागाबाईचा आवाज आला, "सुलाबाई नापास का काय?" आणि सगळा मंडप हसला.

सुलाबाई हसल्या नाहीत. बाकावर जाऊन बसल्या आणि यशोदाबाईंकडे न बघता म्हणाल्या, "चांगली दाखवलीस गं सून. घरच्यालाच आधी बाजूला सारलं."

यशोदाबाईंच्या जिवाला ते लागलं. त्या तशाच मनालीच्या टेबलापाशी गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, घाल की दोन थेंब. सगळ्यांना घातले. बाईंना काय वाटंल?"

"आई, आत्ता नाही. मागे लाईन आहे, नंतर सांगते."

हे मनालीने ज्या सुरात म्हटलं, त्याच सुरात ती सकाळपासून परक्या माणसांशी बोलत होती. यशोदाबाईंना तो सूर टोचला. आपण इतक्या बाया गोळा करून आणल्या, आठवडाभर हिचं नाव गावभर केलं, आणि हिला सासूचा एवढा शब्द राखता येत नाही? थेंबच तर होते. गुलाबपाणी नाही का आपण उन्हाळ्यात डोळ्यात घालत? त्यातलाच प्रकार.

मनाली पुढच्या माणसाचा चष्मा बघत होती. चिकटपट्टीची गुंडाळी टेबलाच्या कडेला होती. यशोदाबाईंनी दोन तुकडे तोडले, बाकापाशी गेल्या आणि सुलाबाईंच्या कपाळावर एकेका भुवईच्या वर चिकटवले.

"घ्या बाई. घाईत राहून गेलं तिच्याकडून. चला, बसा आत."

सुलाबाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं, पदर सारखा केला आणि ताठ मानेने पडद्याआड गेल्या. यशोदाबाईंना वाटलं, झालं. घरातली गोष्ट घरात मिटली.

तेवढ्यात दिशाने भोकाड पसरलं. तिची वेळ झाली होती. मनालीने आपल्या जागी दुसऱ्या मुलीला पाच मिनिटं बसवलं आणि देवळाच्या मागच्या खोलीत आली. तिथे भजनाचे टाळ, मृदंग आणि गुंडाळलेल्या सतरंज्या होत्या. मनाली सतरंजीवर टेकली, कोटाची बटणं सोडली, ओढणी आडवी घेतली आणि दिशा एकदम गप्प झाली. नुसता तिचा घोट घोट आवाज. मनालीने डोळे मिटून डोकं भिंतीला टेकवलं. एका हाताने ती पोरीचं पाऊल कुरवाळत होती. पाच मिनिटांपूर्वीची ती उंच बाई कुठे गेली आणि ही कोण, असं यशोदाबाईंना क्षणभर वाटलं. पण मनातला काटा निघाला नव्हता.

"तू हुशार हायेस, ते कुणी नाय म्हणत नाय," त्या म्हणाल्या. "पण चारचौघांत थोरल्या माणसाला असं बसवून ठेवायचं म्हंजी..."

मनालीने डोळे उघडले. "आई, तुम्हाला राग आला का? मला तेव्हा सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं. मोठ्या आई घाबरल्या असत्या."

"कशाला घाबरायच्या?"

"डोळ्याच्या आत सारखं पाणी तयार होत असतं. ते कडेच्या बारीक चारीतून निघून जातं. आपल्या वाफ्याच्या चारीसारखंच. थेंबांनी बाहुली मोठी झाली की तिच्या भोवतीचा पडदा कडेला गोळा होतो. बहुतेकांची चारी रुंद असते, काही बिघडत नाही. पण कुणाकुणाची जन्मतःच अरुंद असते. ती बुजली की पाणी तुंबतं आणि डोळ्यातला दाब एकदम वाढतो. वेळेत उपाय नाही झाला तर नजर जाऊ शकते." तिने दिशाला दुसऱ्या बाजूला घेतलं. "आडवी टॉर्च मारली की अशा डोळ्यात पलीकडे सावली पडते. मोठ्या आईंच्या दोन्ही डोळ्यांत पडली, आणि त्यांच्यासारखी मधे जाड भिंगं लागणाऱ्या डोळ्यांत जागा कमीच असते. माझा अंदाज चुकीचाही असेल. मॅडम मशीनवर बघून सांगतील. पण तोवर थेंब नाहीच घालायचे."

यशोदाबाईंनी मंडपाच्या दिशेने पाहिलं.

"तुम्हाला माहीत असेल," मनाली पुढे म्हणाली. "त्यांना कधी संध्याकाळी अंधारून आलं की डोकं दुखतं का? भुवईच्या वर? दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं असं कधी म्हणाल्या? उलटी?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ यशोदाबाईंच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. झेंडूचे ढीग पडलेली शेड, एकच पिवळा बल्ब, आणि कोपऱ्यात कपाळ दाबून बसलेल्या सुलाबाई. "यशोदे, त्या बल्बाला गोल गोल रंग कसले गं आले?" असं म्हणाल्या होत्या, आणि मग बाहेर जाऊन भडाभडा ओकल्या होत्या. पित्त झालं म्हणून यशोदाबाईंनी त्यांना सुंठेचा लेप लावून झोपवलं होतं. दिवाळीत पुन्हा तसंच. त्यानंतरही एकदा.

"पट्टी," त्या पुटपुटल्या.

"काय?"

यशोदाबाई उत्तर द्यायला थांबल्याच नाहीत. साडीचा घोळ हातात धरून त्या धावल्या. साठीला आलेली बाई देवळाच्या मागून मंडपापर्यंत अशी धावली की रांगेतली माणसं आपोआप बाजूला झाली. पडदा त्यांनी सरकवला नाही, अक्षरशः ओढला.

सुलाबाई मान मागे टाकून बसल्या होत्या. तेजस्विनीने एका बोटाने त्यांच्या डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढून धरली होती, दुसऱ्या हातात बाटली उलटी होती.

"वर बघा आजी, छताकडं..."

"थांब गं पोरी! घालू नको! घालू नको!"

तेजस्विनी इतकी दचकली की थेंब सुलाबाईंच्या गालावर पडला. यशोदाबाईंनी पुढे होऊन पदराने गाल पुसला, आणि दोन्ही पट्ट्या खस्सकन ओढून काढल्या. त्यासोबत भुवईचे चार केसही आले.

"आगं आई गं!" सुलाबाई ओरडल्या. "डोकं फिरलं का तुझं? आधी लावतीस, मग उपटतीस!"

मागोमाग मनाली आली, दिशा खांद्यावर, ओढणी कशीबशी सावरलेली.

"डोळ्यात गेला का?"

"नाही ताई," तेजस्विनी म्हणाली. "गालावर पडला."

"उजव्यात?"

"नाही, आत्ताच डाव्यापासून सुरू करत होते."

मनालीने खिशातून टॉर्च काढून दोन्ही बाहुल्या बघितल्या. उजेड पडला की लहान होत होत्या. मग तिने तेजस्विनीच्या हातातली बाटली घेऊन झाकण लावलं आणि विचारलं, "कागद बघितला होतास?"

"कागद आजींकडे नव्हता. त्या म्हणाल्या, जावेच्या पिशवीत आहे. पण पट्टी होती ताई कपाळावर, दोन्हीकडे..." तिचा आवाज रडकुंडीला आला.

"पट्टी कुणी लावली?"

पट्टी मिरवणाऱ्या दहा बाया एकमेकींकडे बघू लागल्या. यशोदाबाईंना वाटलं असतं तर त्या गप्प राहू शकल्या असत्या. सगळा दोष त्या पोरीच्या डोक्यावर गेला असता, आणि संध्याकाळपर्यंत गाडी निघूनही गेली असती. पण समोर सुलाबाई कपाळ चोळत बसल्या होत्या, आणि त्यांचे डोळे अजून धड होते.

"मी लावली," त्या म्हणाल्या. "तू नाय म्हणाली होतीस, तरी लावली. कागदबी माझ्याच पिशवीत हायेत, सगळ्यांचे. अन् आणखी एक. या सगळ्यांना बीपी-शुगर सांगू नका असं मीच शिकवून आणलंय. अन् बाईंना ते बल्बाचे रंग दिसलेत. तीनदा. मला ठावं होतं."

मनालीने सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं यशोदाबाईंना वाटलं. तिने दिशाला त्यांच्या हातात दिलं आणि वळून म्हणाली, "तेजस्विनी, सगळ्यांचे थेंब थांबव. मी मॅडमना सांगून येते."

साधना मॅडमनी सुलाबाईंना लगेच आत घेतलं. हनुवटी टेकवायच्या मशीनवर बसवून दोन्ही डोळे बराच वेळ बघितले, दाब मोजला. सुलाबाई आता खरं बोलायला लागल्या होत्या. केव्हा दुखलं, किती वेळ दुखलं, सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मॅडमनी हातमोजे काढले.

"आजी, तुमच्या डोळ्यात जागा फार कमी आहे. हे थेंब पडले असते तर कदाचित काहीच झालं नसतं. किंवा संध्याकाळपर्यंत डोळा लाल, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या, आणि नजर कायमची गेलेली. आम्ही असला जुगार खेळत नाही. आज आमच्या गाडीतून नाशिकला दवाखान्यात चला. लेसरने बाहुलीभोवतीच्या पडद्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडलं की पाण्याला दुसरी वाट मिळते. जास्त वेळ लागत नाही."

मग त्या मनालीकडे वळल्या. "नुसत्या टॉर्चवर पकडलंस. छान."

एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं. पण पडद्यापाशी उभ्या असलेल्या यशोदाबाईंनी ते ऐकलं. आठवडाभर त्या ज्या सुनेचा डंका पिटत होत्या, ती त्यांच्याच मनाने रचलेली होती: निळा कोट घालून सगळ्यांची कामं पटापट करून देणारी, सासूचा शब्द खाली पडू न देणारी. ही मात्र वेगळीच निघाली. सासू मध्ये पडली, थोरली जाऊ रुसली, सगळा मंडप हसला, तरी हिचा पट्टीकडे गेलेला हात मागे आला तो आलाच. असली सून आपल्याला मिळाली आहे हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं, आणि कळताना जरा भीतीही वाटत होती.

मनालीने एक खुर्ची ओढून दहा बायांच्या समोर मांडली.

"आता मी पुन्हा विचारणार आहे. खरं सांगितलं म्हणून कुणाला घरी पाठवणार नाही. बीपी असलं, शुगर असली, तर थेंब बदलता येतात, ऑपरेशन दोन आठवडे पुढे नेता येतं. पण मला माहीतच नसलं तर मी काय करू?"

बाया खाली बघू लागल्या. तेव्हा यशोदाबाई पुढे आल्या, खांद्यावरची पिशवी उघडली आणि एकेकीचा कागद तिच्या तिच्या हातात दिला.

"सांगा गं. मी शिकवलं ते चुकीचं होतं. भागाबाई, तुझी ती गुलाबी गोळी कसली?"

"तुला कसं ठावं?"

"रोज माझ्या ओट्यावर बसून तर गिळतीस!"

भागाबाईची गुलाबी गोळी हृदयाची निघाली, आणि दुसरी बीपीची. थेंबांचा एक हात तिला होऊन गेला होता. मनालीने तिचं बीपी मोजलं, मॅडमना दाखवलं. जरा चढलेलं होतं. तिला वेगळी बसवून अर्ध्या अर्ध्या तासाने मोजायचं ठरलं, आणि उरलेले थेंब साधे घालायचे, रक्तदाब वाढवणारं औषध ज्यात नाही असे. तासाभराने बीपी खाली आलं तेव्हा कुठे मनालीने तिला उठू दिलं. एकीला शुगर, एकीला दमा, एकीच्या बापाला काचबिंदू होता. सगळं कागदावर चढलं. थेंब पुन्हा सुरू झाले, पण आता तेजस्विनी प्रत्येकीला आधी नाव विचारी, मग कागद वाची, मग पट्टी बघे.

"डोळा मिटा, आणि नाकाजवळचा हा कोपरा बोटाने दाबून धरा, दोन मिनिटं," मनाली रांगेतून फिरत होती. "म्हणजे औषध घशात उतरणार नाही. आज संध्याकाळपर्यंत जवळचं धूसर दिसेल. विळीवर बसायचं नाही, सुईदोरा घ्यायचा नाही, गाडी चालवायची नाही. उन्हात जाताना चष्मा नाहीतर पदर. आणि डोळा ठणकला, लाल झाला, दिव्याभोवती रंग दिसले, उलटी झाली, तर उद्यावर ढकलायचं नाही. कागदावर नंबर आहे, लगेच फोन."

"म्हंजी आज भाकऱ्या कोण करणार?" भागाबाईने डोळे मिटूनच विचारलं.

"ज्याचे डोळे चांगले असतील तो," मनाली म्हणाली. "तुमच्या घरात आहेत की चार पुरुष."

या वेळचं हसणं मोकळं होतं.

गाडी निघायच्या वेळी सोमनाथ फुलांचा टेम्पो मंडपापाशी लावून दिशाला घ्यायला आला. यशोदाबाई सुलाबाईंसोबत जाणार होत्या. गाडीच्या दारापाशी मनालीने त्यांना गाठलं.

"आई, मला आजचं सगळं रिपोर्टात लिहावं लागेल. पट्टी नातेवाईकाने लावली, असं लिहीन. नाव नाही टाकणार."

"नाव टाक," यशोदाबाई म्हणाल्या.

"तशी गरज नसते."

"असू दे. त्या पोरीवर यायला नको. तिचा काय दोष?"

मनाली किंचित हसली. सकाळपासून पहिल्यांदा. "दोष माझाही आहे. गुंडाळी तशी टेबलावर ठेवायला नको होती. पुढच्या शिबिराला प्रत्येक पट्टीवर माझी सही असेल. सही नसेल तर थेंब नाही."

"मी सही करायला शिकलीय हां आता," यशोदाबाई म्हणाल्या.

"माझी सही करून दाखवा बघू," मनाली म्हणाली आणि सासूचा पदर खांद्यावर नीट करून परत आत गेली. तिथे अजून चाळीस माणसं बसून होती.

दवाखान्यात दुपार झाली. लेसरच्या खोलीबाहेर बाकावर सुलाबाई आणि यशोदाबाई शेजारी बसल्या होत्या. सगळ्या वाटेत सुलाबाई खिडकीबाहेर बघत आल्या होत्या. यशोदाबाईंनी दोनदा माफी मागायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

एक सिस्टर ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "चला आजी, डोळ्यात थेंब घालायचे."

सुलाबाईंनी दोन्ही हातांनी चष्म्यासकट डोळे झाकले.

"थांब. नाव काय माझं?"

सिस्टर गोंधळली. "तुमचं नाव तुम्हाला माहीत नाही का?"

"मला हाय. तुला हाय का ते बघतीय."

सिस्टरने कागद वाचून नाव सांगितलं.

"कोणता डोळा?"

"आधी उजवा."

"हे थेंब बाहुली मोठी करायचे का बारीक करायचे?"

"बारीक करायचे आजी. बाहुली बारीक झाली की पडदा ताणला जातो, लेसरला सोपं पडतं."

"बाटलीवर तसं लिहिलंय?"

सिस्टरने बाटली फिरवून वाचून दाखवली. सुलाबाईंनी ती यशोदाबाईंच्याही नाकापुढे धरायला लावली. यशोदाबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण त्यांनी गंभीरपणे मान हलवली. तेव्हा कुठे चष्मा उतरला.

"घाल आता."

थेंब पडला. सुलाबाईंनी डोळा मिटला आणि कुणी न सांगता नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला. सिस्टरला हसू आवरेना.

"आजी, एवढं कुठून शिकून आलात?"

उत्तर यशोदाबाईंच्या ओठांवर आलं होतं. आठवडाभर तेच तर त्या गावभर सांगत होत्या. पण सुलाबाईंनी त्यांना संधीच दिली नाही.

"माझी सून हाय ना," त्या मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "सगळ्या गावासमोर तिनं मला एकटीला बाजूला बसवलं." दुसऱ्या बायका सोन्याच्या पाटल्यांचं सांगतात, अगदी त्या सुरात.

सून कुणाची, हे सांगायला यशोदाबाईंची जीभ वळवळली. मग त्यांनी सुलाबाईंचा चष्मा आपल्या पदराने पुसायला घेतला. आतून हाक आली. यशोदाबाईंनी जावेला कोपराला धरून उठवलं, दारापर्यंत नेलं, आणि आतल्या मशीनवर सुलाबाईंनी हनुवटी नीट टेकवेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.